स्टार खेळाडूने गैरप्रकार केला तर त्याच्या मेडलचं, अवॉर्डचं आणि नावाचं काय करायचं, हे ठरवायचं कसं

मोठ्या खेळाडूचं काही बाहेर आलं की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो सगळं काढून घ्या, रेकॉर्ड पुसा, फोटो उतरवा. दुसरा म्हणतो खेळ वेगळा आणि माणूस वेगळा, आम्हाला त्याच्या खेळाशी मतलब. आणि मग दिवसच्या दिवस तेच चालू राहतं, कोणी कोणाचं ऐकून घेत नाही, आणि ज्याचं खरं नुकसान झालं तो माणूस त्या भांडणात कुठेच नसतो. मला हे बघून मनापासून वाईट वाटतं, कारण नीट ठरवायची पद्धत आहे, अवघड आहे पण आहे. तुम्ही एखाद्या निवड समितीत असाल, क्लबच्या कमिटीवर असाल, ट्रॉफीला कोणाचं नाव द्यायचं हे ठरवत असाल, किंवा नुसतेच फॅन असाल आणि आता या माणसाचं काय करायचं असा प्रश्न पडला असेल, तर हे वाचा.

आधी एक गुंता सोडवून घ्या. आपण ‘सगळं काढून घ्या’ म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र करत असतो. एक म्हणजे निकाल, रेस कोण जिंकलं, मेडल कोणाचं, स्कोअर काय. दुसरी म्हणजे सन्मान, हॉल ऑफ फेम, पुतळा, स्टँडला नाव, जीवनगौरव, जे कोणीतरी बसून ठरवून देतं. आणि तिसरी म्हणजे लोकांच्या मनातलं नाव, ते कोणाच्याच हातात नसतं. माझं म्हणणं एवढंच की निकालाला फक्त खेळातली फसवणूक लागू करा, आणि सन्मानाला माणसाचं सगळं वागणं. हे दोन तराजू वेगळे ठेवलेत की बरीचशी प्रकरणं सुटायला लागतात.

लुबाडलं कोणाला गेलं ते आधी शोधा

हा प्रश्न सगळ्यात आधी, स्टारचं नाव बाजूला ठेवून. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधली गोळाफेक घ्या. अमेरिकेचा ॲडम नेल्सन आणि युक्रेनचा युरी बिलोनोह, दोघांचीही सर्वोत्तम फेक २१.१६ मीटर. नेल्सनची ती पहिलीच फेक होती आणि बाकी सगळ्या फाउल गेल्या, बिलोनोहची दुसरी चांगली फेक होती म्हणून गोल्ड त्याला. २०१२ मध्ये जुनी सॅम्पल्स परत तपासली तेव्हा बिलोनोह डोपिंगमध्ये सापडला आणि २०१३ मध्ये नेल्सनला गोल्ड मिळालं, कुठे, तर अटलांटा विमानतळाच्या फूड कोर्टमध्ये. ना राष्ट्रगीत, ना स्टेडियम, ना ती संध्याकाळ. नऊ वर्षं उमेदीची गेली, त्या काळात गोल्ड मेडलिस्ट म्हणून जे स्पॉन्सर आले असते ते आलेच नाहीत.

हे एकदा डोळ्यासमोर आणलं की डोपिंगमधलं मेडल परत घ्यायचं का हा प्रश्नच राहत नाही. घ्यायचंच, कारण ते दुसऱ्याचं आहे, चुकून ह्याच्याकडे गेलेलं आहे. बेन जॉन्सनने १९८८ ला सोलमध्ये १०० मीटर ९.७९ सेकंदात मारली, जगाने डोक्यावर घेतलं, आणि तीन दिवसांत मेडल गेलं आणि गोल्ड कार्ल लुईसकडे आलं. तो किती भारी धावला, किती कष्ट केले, लहानपण कसं गेलं हे सगळं खरं असेल, पण निकालाच्या तराजूत ते येत नाही.

आणि मेडल परत घेतल्यावर काम संपलं असं समजू नका. ज्याचं आहे त्याला ते नीट, लोकांसमोर द्या. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधल्या फिगर स्केटिंगच्या टीम इव्हेंटचं गोल्ड, रशियाच्या टीममधल्या डोपिंगच्या केसमुळे, अमेरिकेच्या टीमला २०२४ च्या ऑगस्टमध्ये मिळालं, पण निदान पॅरिस ऑलिंपिक चालू असताना, गर्दीसमोर, जपानच्या टीमला सिल्व्हर देत देत मिळालं. हे असं करायला हवं.

कधी कधी खालच्यालाही देता येत नाही. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सात टूर द फ्रान्स जेतेपदं २०१२ मध्ये काढली तेव्हा ती कोणालाच दिली नाहीत, त्या काळातल्या सायकलिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांपैकी कित्येकांची नावं स्वतःच डोपिंगमध्ये आलेली होती. मॅरियन जोन्सचं सिडनी २००० चं १०० मीटरचं गोल्ड पण तसंच रिकामं ठेवलं, कारण दुसरी आलेली कॅटेरिना थानू स्वतः नंतर डोपिंग टेस्ट चुकवण्याच्या प्रकरणात अडकली होती. मला हे रिकामं ठेवणं पटतं. उगाच कोणाला तरी विजेता केलंच पाहिजे अशी सक्ती कशाला, रिकामी जागा पण बरंच काही सांगते वाचणाऱ्याला.

टीमचं मात्र खरंच अवघड आहे आणि इथे मी स्वतः पूर्ण एका बाजूला नाही. बीजिंग २००८ च्या रिलेतलं उसेन बोल्टचं गोल्ड २०१७ मध्ये गेलं ते टीममधल्या नेस्टा कार्टरच्या सॅम्पलमुळे, बोल्टची काही चूक नसताना. उलट मॅरियन जोन्सच्या रिलेतल्या सहकाऱ्यांनी क्रीडा लवादाकडे अपील केलं आणि २०१० मध्ये त्यांची मेडल्स त्यांना परत मिळाली, कारण सिडनीच्या वेळी लागू असलेल्या नियमांत एकामुळे सगळ्यांचं मेडल काढायची तरतूद नव्हती. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसा प्रकार. पण चौथ्या नंबरवर आलेल्या टीमचा विचार केला की वाटतं, चार जणांपैकी एक जण फसवून पळाला तर ती वेळ फसवणुकीचीच वेळ ना. म्हणून टीमचा निकाल बदला, पण निर्दोष सहकाऱ्यांच्या नावापुढे ते निर्दोष होते हे ठळक लिहा आणि त्यांच्या सन्मानांना हात लावू नका.

मैदानावर शिक्षा झाली असेल तर दुसऱ्यांदा शिक्षा नको

हे पटकन सांगतो. २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने डोकं मारलं, रेड कार्ड मिळालं, फ्रान्स हरला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल त्यालाच मिळाला. लोकांनी आरडाओरडा केला, पण ती चूक खेळाच्या आत झाली, शिक्षा पण खेळाच्या आतच झाली, तिथे हिशोब पूर्ण. २०१८ मध्ये केपटाऊनला बॉल घासल्याच्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाच्या स्मिथ आणि वॉर्नरला वर्षभराचा बॅन बसला, तो त्यांनी भोगला, त्यानंतर त्यांनी काढलेल्या रन्सवर प्रश्नचिन्ह लावत बसणं मला बरोबर वाटत नाही. कॅप्टनशिप ही गोष्ट वेगळी, तो विश्वासाचा सन्मान आहे, तो परत द्यायचा की नाही हे बोर्डाने स्वतंत्र ठरवायचं.

मैदानाबाहेरचा गुन्हा असेल तर

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. ऑस्कर पिस्टोरियसला आपल्या पार्टनरच्या खुनासाठी दोषी ठरवलं गेलं, पण त्याची पॅरालिंपिक मेडल्स त्याच्याच नावावर आहेत. खूप जणांना याची चीड येते आणि ती चीड मला कळते. पण ती शर्यत तो फसवून जिंकलेला नव्हता, त्याच्या मागे आलेल्या धावपटूचं त्याने काही चोरलं नव्हतं, त्यामुळे मेडल काढून तुम्ही न्याय नेमका कोणाला देणार? त्याच्या गुन्ह्याचा न्याय कोर्टातच व्हायचा होता.

सन्मानाचं मात्र पूर्ण उलटं. अमेरिकन फुटबॉलचा स्टार ओ. जे. सिम्पसन १९८५ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला, नंतर १९९५ मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटला, १९९७ मध्ये दिवाणी कोर्टाने त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरलं, २००८ मध्ये दरोड्याच्या केसमध्ये दोषी ठरला, आणि त्याचा अर्धपुतळा हॉलमध्ये आहे तिथेच आहे, कारण त्या हॉलच्या नियमात निवड फक्त मैदानावरच्या कामगिरीवर. बेसबॉलच्या हॉलचा नियम वेगळा, तिथे मतदारांना खेळासोबत सचोटी आणि चारित्र्य पण बघायला सांगितलंय, आणि बॅरी बाँड्स ७६२ होम रन मारूनही स्टेरॉइडच्या सावटामुळे दहा वर्षं मतदानात राहून २०२२ मध्ये ६६ टक्क्यांवर अडकला, लागतात ७५.

‘आम्ही फक्त खेळ बघतो’ हे मला हॉल ऑफ फेमसाठी मान्य नाही. फक्त खेळच बघायचा असेल तर आकडे आहेतच ना, रेकॉर्ड बुक आहे, ते कोणी जाळलेलं नाही. सन्मान देताना आपण स्टेजवर बोलावतो, भाषणं करतो, सगळं सभागृह उभं राहतं, पोरांना दाखवतो की बघा हा. आणि त्या टाळ्या ज्या बाईला त्याने मारलं तिला पण ऐकू येतात. म्हणून गंभीर हिंसा, लैंगिक अत्याचार, लहान मुलांशी वाईट वागणं, हे सिद्ध झालं असेल तर नवीन सन्मान बंद, आणि जुने परत तपासायचे.

तपासताना सगळ्यात पहिले हात घाला त्याच्या नावाच्या ट्रॉफीला आणि स्कॉलरशिपला. का, तर ती दरवर्षी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात जाते. कोणीतरी १९ वर्षांची मुलगी वर्षभर राबून ती ट्रॉफी जिंकणार आणि तिच्यावर नाव कोणाचं, तर बायकांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाचं, आणि तिने हसून फोटो काढायचा. तिला यातलं काहीच निवडायला मिळालेलं नाही. अमेरिकेतल्या बेसबॉल पत्रकारांनी २०२० मध्ये आपल्या सर्वोत्तम खेळाडूच्या अवॉर्डवरून केनेसॉ माउंटन लँडिस यांचं नाव काढलं. ते खेळाडू नव्हते, बेसबॉलचे कमिशनर म्हणजे प्रमुख होते, आणि त्यांच्या काळात काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं दार बंदच राहिलं होतं. ट्रॉफी तीच राहिली, आधीच्या विजेत्यांचं काही गेलं नाही, नुसतं नाव गेलं. इतकं सोपं असतं हे, पण लोक उगाच घाबरतात.

आरोप, पुरावा आणि मधला काळ

आरोप झाला त्या रात्री काही काढू नका आणि काही देऊ पण नका. बस, थांबवा. सत्कार पुढे ढकला, जाहिराती थांबवा, एका ओळीचं निवेदन द्या की चौकशी होईपर्यंत निर्णय स्थगित. हे दोन्ही बाजूंना न्याय देणारं आहे. मोहम्मद अझरुद्दीनवर बीसीसीआयने २००० मध्ये मॅच फिक्सिंगवरून आजीवन बंदी घातली आणि २०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ती बेकायदेशीर ठरवली, तोपर्यंत त्याचं खेळायचं वय कधीच निघून गेलं होतं. तुमचं मत काहीही असू दे त्याच्याबद्दल, पण चौकशीची प्रक्रिया कच्ची ठेवली की काय होतं ते यात दिसतं, ना दोष पक्का होतो ना माणूस पूर्ण सुटतो.

उलट बाजू पण आहे. १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजच्या फिक्सिंगमध्ये शूलेस जो जॅक्सन आणि बाकीचे १९२१ मध्ये कोर्टात सुटले, तरी वर सांगितलेल्या त्याच लँडिस यांनी त्यांना कायमचं बाहेर काढलं. कोर्टाला जेवढा पुरावा लागतो तेवढाच सन्मान रोखायला लागायला हवा असं नाही, तुरुंगात टाकणं आणि सत्कार न करणं यात खूप फरक आहे. पण मग आपल्याला किती पुरावा पुरेसा वाटतो हे कमिटीने आधी कागदावर लिहून ठेवायला पाहिजे, नाहीतर आवडत्या खेळाडूला एक माप आणि नावडत्याला दुसरं, हे ठरलेलं.

नियमच चुकीचा होता का हे पण बघा

जिम थॉर्पने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकलं, आणि १९१३ मध्ये मेडल्स काढून घेतली, कारण काय, तर आधी थोड्याशा पैशांसाठी छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळला होता आणि हौशी खेळाडूच हवा असा तेव्हा नियम होता. तक्रार ३० दिवसांत करायची मुदत होती, ती उलटून गेल्यावर हे झालं. तो १९५३ ला गेला, मेडल्स त्याच्या मुलांना १९८३ मध्ये दिली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं २०२२ मध्ये. शंभरहून जास्त वर्षं! रेगी बुशचं पण असंच, कॉलेजमध्ये असताना पैसे आणि सवलती घेतल्या म्हणून २००५ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं अवॉर्ड, २०१० मध्ये सोडावी लागली, मग कॉलेज खेळाडूंना कमावण्याची परवानगीच मिळाली आणि २०२४ मध्ये ट्रॉफी परत आली. इथे परत तोच पहिला प्रश्न विचारा, लुबाडलं कोणाला गेलं? थॉर्पच्या बाबतीत उत्तर येतं, कोणालाच नाही. असं उत्तर आलं की हात आखडता घ्या.

वय, कबुली आणि नंतरचं वागणं

मोहम्मद आमिर २०१० मध्ये लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकायच्या प्रकरणात सापडला तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याच टेस्टमध्ये त्याने एका डावात सहा विकेट काढल्या होत्या, पाकिस्तानकडून मालिकावीर तोच होता, आणि तो बक्षीस समारंभ मैदानावर न होता आत लाँग रूममध्ये उरकला गेला. पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला, पाच वर्षांचा बॅन पूर्ण केला, आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये रोहित, धवन आणि कोहलीला आउट केलं. मला वाटतं त्याला परत खेळू देणं बरोबर होतं, कोवळं वय होतं, टीमचा कॅप्टनच त्यात सामील होता, कोणाचं ऐकायचं त्याने? बीजिंगच्या त्या टीम गोल्डच्या डोपिंग केसमधली रशियाची फिगर स्केटर कमिला वलिएवा तर १५ वर्षांची होती. मेडल जाणं बरोबर, चार वर्षांची बंदी पण नियमाने, पण इतक्या लहान मुलीच्या नावावर सगळं ढकलून आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी हात झटकायचे हे मला अजिबात सहन होत नाही. अशा केसमध्ये कोच आणि डॉक्टरची चौकशी झाल्याशिवाय त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पुढच्या सन्मानांबद्दल कायमचा निर्णय घेऊच नका.

याच्या समोर आर्मस्ट्राँग ठेवा. त्याने नुसतं डोपिंग केलं नाही, जे खरं बोलत होते त्यांना वर्षानुवर्षं खोटं पाडलं, एका वृत्तपत्रावर बदनामीचा दावा ठोकून पैसे घेतले, आणि कबुली कधी दिली, तर सगळं गेल्यावर, २०१३ मध्ये. अमेरिकन बेसबॉलपटू पीट रोझने पण बेसबॉलवर सट्टा लावल्याचं १९८९ पासून पंधरा वर्षं नाकारलं. म्हणून कबुली बघताना तिची वेळ बघा. सापडायच्या आधी, किंवा सापडल्यावर लगेच बोलला तर वजन द्या. आणि नंतर तो काय करतोय ते बघा, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे गेला का, पैसे परत केले का, की फक्त कॅमेऱ्यासमोर रडला.

पुसू नका, लिहा

पीट रोझचे ४२५६ हिट्स कधीच रेकॉर्ड बुकमधून काढले नाहीत, फक्त हॉलचं दार बंद ठेवलं. मला ही मांडणी योग्य वाटते. तसंच दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिएची २००० ची सेंच्युरियन टेस्ट, दोन डाव सोडून दिले, इंग्लंड दोन विकेटने जिंकलं, आणि नंतर कळलं की क्रोनिएने बुकीकडून पैसे आणि लेदरचं जॅकेट घेतलं होतं. स्कोअरबुकात इंग्लंडचा विजय तसाच आहे आणि तसाच राहू दे, पण ती मॅच कुठेही दाखवली तर ही गोष्ट सोबत सांगितली पाहिजे.

पुतळा किंवा फोटो ठेवायचं ठरलं तर खालची पाटी बदला. ‘वादग्रस्त कारकीर्द’ असले गुळगुळीत शब्द नकोत. साधं लिहा, अमुक साली अमुक जिंकलं, अमुक साली अमुक गुन्ह्यात दोषी ठरला, शिक्षा इतकी. दोन्ही ओळी एकाच आकाराच्या अक्षरात.

आणि फॅन असाल तर तुम्हाला आवडलेली ती इनिंग, तो गोल, तो दिवस तुमचाच आहे, तो आवडणं थांबवायची गरज नाही. फक्त तक्रार करणाऱ्या माणसावर तुटून पडू नका. आपला हिरो निर्दोष आहे असं वाटत असेल तर गप्प बसून निकालाची वाट बघा, तक्रार करणाऱ्याला खोटं ठरवायचा अधिकार तुमच्या प्रेमाने तुम्हाला मिळत नाही.

नियम आधीच लिहून ठेवा

कमिटीवर असाल तर हे प्रकरण यायच्या आधी करायचं काम आहे, नाव समोर आल्यावर निष्पक्ष राहणं कोणालाच जमत नाही. कोणत्या गोष्टींवर सन्मान रोखायचा, कोण ठरवणार, खेळाडूच्या जवळचं कोणी कमिटीत असेल तर त्याने बाजूला बसायचं, अपील कुठे करायचं, आणि किती वर्षं मागे जायचं, एवढं लिहा. डोपिंगमध्ये सॅम्पल दहा वर्षं ठेवतात आणि कारवाईची मुदत पण तेवढीच आहे, कुठल्यातरी टप्प्याला निकाल पक्का व्हायलाच हवा. हिंसेच्या आणि अत्याचाराच्या तक्रारींना मात्र मी सन्मानापुरती मुदत ठेवणार नाही, कारण अशा गोष्टी बोलायला माणसाला कधी कधी वीस वर्षं लागतात.

मृत्यूनंतर काय, हे पण त्यातच लिहा, ही गोष्ट हमखास राहून जाते. लंडन २०१२ मध्ये कुस्तीत सिल्व्हर जिंकलेला बेसिक कुदुखोव २०१३ मध्ये अपघातात गेला, २०१६ मध्ये त्याचं सॅम्पल पॉझिटिव्ह आल्याची बातमी आली, ब्राँझवाल्या योगेश्वर दत्तला सिल्व्हर मिळणार असं बोललं गेलं, आणि योगेश्वरने जाहीर सांगितलं की मेडल त्याच्या घरच्यांकडेच राहू दे. शेवटी ऑलिंपिक समितीने ती केस बंद केली, गेलेला माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नाही. पीट रोझ २०२४ मध्ये गेला आणि २०२५ मध्ये कमिशनरने ठरवलं की कायमची बंदी मृत्यूसोबत संपते, त्यामुळे आता त्याच्या हॉलमधल्या प्रवेशावर विचार होऊ शकतो, तो बघायला तो नाही. म्हणून बंदी ‘कायमची’ असं नुसतं लिहू नका, दर दहा वर्षांनी परत बघायची तारीख टाका, आणि त्या बैठकीला ज्याचं नुकसान झालं त्याला किंवा त्याच्या घरच्यांना, त्यांची इच्छा असेल तर, बोलायला आधी बोलवा, खेळाडूला त्यांच्यानंतर.